कर्करोग तपासणीचं प्रशिक्षण: सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आरोग्यसेविका आणि आशाताई नेहमी विचारतात ते प्रश्न

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी कोणी फारसं बोलत नाही. प्रश्न सुरू होतात दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडल्यावर, आणि मग कित्येक महिने व्हॉट्सॲपवर येत राहतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं उपकेंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात काम करणाऱ्यांसाठी आहेत, पण शहरी दवाखान्यातल्या सिस्टरनाही ती उपयोगी पडतील.

आम्ही डॉक्टर नाही. कर्करोगाची तपासणी आमच्या हाती का देतात?

तुमच्या हातून निदान होणं अपेक्षितच नाही. निदान बायोप्सीवर, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवर, होतं आणि ते पॅथॉलॉजिस्ट करतात. तुमचं काम चाळणीचं: तक्रार नसलेल्या शंभर जणांमधून पुढे कोणाला पाठवायचं ते ठरवणं.

दुसरं कारण सरळ हिशोबाचं आहे. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार, ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४३ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे १ लाख २७ हजार नवे रुग्ण निघतात. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. स्तन आणि तोंडाच्या तपासणीचा आकडा प्रत्येकी ०.९ टक्के. एवढ्या बायका तपासायला स्त्रीरोगतज्ज्ञ आणायचे कुठून? तालुक्याच्या गावी एक असला तरी तो बाळंतपणं आणि सिझरमध्ये अडकलेला असतो.

हे तिन्ही अवयव चांगला उजेड, डोळे आणि बोटं यांनी तपासता येतात. म्हणून २०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्यांसाठी हेच तीन कर्करोग घेतले आहेत.

दहावी झालेल्या बाईला हे जमतं याला पुरावा काय?

पुरावा आपल्याच राज्यातला आहे, आणि तो आपल्याच लोकांना ठाऊक नसतो याचं मला दर वेळी नवल वाटतं.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये शहरातल्या वस्त्यांमध्ये एक मोठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका, वीस गटांत विभागलेल्या. दहा गटांत तपासणी करणाऱ्या होत्या वस्तीपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या, अधूनमधून उजळणी केलेल्या. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्यांत त्यांनी गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) लावून कुठला भाग पांढरा होतो ते पाहिलं. २०१४ साली निष्कर्ष छापून आले: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. याच चाचणीत हाताने केलेल्या स्तन तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा एकत्र हिशोब केला तर घट १५ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. हेही सांगायला हवं.

दुसरा पुरावा बार्शीचा. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एका गटाची एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणी, एका गटाचा पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन तपासणं), एका गटाची ॲसिटिक ॲसिडची तपासणी, आणि एक गट तुलनेसाठी. आयुष्यात एकदाच झालेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ॲसिटिक ॲसिडच्या गटात मात्र ठळक फरक दिसला नाही.

मग मुंबईत तीच तपासणी यशस्वी का झाली? मुंबईत ती चार वेळा झाली, धाराशिवला एकदाच. ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीत एका नजरेतून काही सुटतं, ते पुढच्या फेरीत सापडतं. दर पाच वर्षांनी पुन्हा बोलवायला सांगतो ते त्यासाठी.

तोंडासाठी केरळातली तिरुवनंतपुरमची चाचणी आहे. डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडं पाहिली आणि तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले.

एक कडू गोष्टही आहे. मुंबई आणि धाराशिवच्या चाचण्यांमध्ये तुलनेच्या गटातल्या बायकांना माहिती मिळाली, पण तपासणी मिळाली नाही. त्यावर नंतर बरेच नैतिक आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप मला पोकळ वाटत नाहीत. आज आपण हे काम खात्रीने शिकवतो त्यात त्या बायकांचाही वाटा आहे.

‘फिजिशियन असिस्टंट’ म्हणजे आमच्यासारखेच का?

नाही. ते पद अमेरिकेतलं. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सहायकांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. आज तिथे फिजिशियन असिस्टंट डॉक्टरांच्या चमूत राहून तपासतात, औषधं लिहितात, आणि कर्करोग विभागात केमोथेरपीच्या रुग्णांचा बराच भार उचलतात. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये त्यांच्यासाठी पदवीनंतरचं वेगळं प्रशिक्षणही आहे. आपल्याकडे या नावाचे पदवी अभ्यासक्रम आहेत आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात त्यांचा समावेश आहे, पण ही मंडळी बहुतेक मोठ्या खासगी रुग्णालयांत दिसतात.

गावात डॉक्टर आणि आशाताई यांच्या मधली जागा सीएचओ भरतात. बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग आणि वर सहा महिन्यांचा समुदाय आरोग्याचा अभ्यासक्रम. पद वेगळं आहे, पण कल्पनेचं नातं आहे.

किती दिवसांत हात बसतो?

तोंडाची तपासणी दोन दिवसांत शिकता येते. स्तनाची तपासणी सिलिकॉनच्या मॉडेलवर शिकायला एक दिवस पुरतो, पण खऱ्या बाईवर बोटांना भरवसा यायला काही महिने जातात. ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण तिथे डोळा तयार व्हावा लागतो आणि डोळा स्लाइड बघून तयार होत नाही.

हे जरा भांडणाच्या सुरात लिहितो आहे, त्याला कारण आहे. तीन दिवसांचं प्रशिक्षण, त्यात अडीच दिवस पॉवरपॉइंट, शेवटी गटचर्चा आणि प्रमाणपत्रासोबत फोटो. अशा वर्गातून बाहेर पडलेल्या सिस्टरने एकही गर्भाशयमुख स्वतः पाहिलेलं नसतं. ती परत गेल्यावर स्पेक्युलम (गर्भाशयमुख दिसावं म्हणून योनीत घालायचं उपकरण) कपाटात राहतो. तुम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं तर पहिल्याच दिवशी विचारा: प्रत्यक्ष तपासण्या किती करायला मिळणार, आणि माझ्या हातावर लक्ष कोण ठेवणार?

तोंडात नक्की काय बघायचं?

आधी विचारायचं, आणि नीट विचारायचं. “तंबाखू खाता का?” म्हटलं की बाई मान हलवून नाही म्हणते, आणि ते तिच्या परीने खरंच असतं. “मशेरी लावता का?” असं विचारा. “हो, सकाळी दातांना लावते की,” असं उत्तर येईल. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, हे तिच्या लेखी व्यसनात मोडतच नाही. विदर्भात खर्रा म्हणा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, शाळकरी पोरांत गुटख्याच्या पुड्यांची नावं घेऊन विचारा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे सांगून प्रश्न सोपा होत नाही. पुडी कुठे मिळते ते गावातल्या पोरांना माहीत असतं. नुसती सुपारीही मोजा. ती निरुपद्रवी नाही.

मग कवळी असेल तर काढायला लावा, चूळ भरू द्या, आणि बॅटरीच्या उजेडात क्रमाने पाहा: ओठांच्या आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जीभ, जिभेच्या कडा, जिभेखाली. जीभ गॉजच्या तुकड्याने धरून दोन्हीकडे वळवल्याशिवाय कडा दिसत नाहीत, आणि घाईत नेमकी तीच जागा सुटते. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ किंवा खरखरीत वाढ दिसली की पाठवा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, आणि तो नजरेत कमी भरतो. शेवटी मान चाचपून गाठी आहेत का ते बघा.

तोंड किती उघडतं तेही पाहा. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. “तिखट झोंबतं” आणि “पाणीपुरी तोंडात जात नाही” ही दोन वाक्यं ऐकली की सबम्यूकस फायब्रोसिसचा (तोंडाची आतली कातडी ताठर होण्याचा) विचार करायचा. हा आजार मुख्यतः सुपारीमुळे होतो आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीत, म्हणजे व्हीआयएत, कुठे चुकतं?

चार ठिकाणी.

पहिलं, द्रावण. पाच टक्क्यांचं द्रावण हवं: ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. रोज ताजं बनवा. ग्लेशियलची बाटली तपासणीच्या टेबलावर कधीही ठेवू नका, ती कपाटात कुलपात ठेवा. पातळ न केलेलं ॲसिड भाजतं. द्रावणाच्या बाटलीवर तारीख आणि टक्केवारी लिहा. बाईला समजावताना आम्ही सांगतो, चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असतं ना, जवळपास तेच हे. बाई हसते, आणि हसली की अंग सैल सोडते.

दुसरं, वेळ. द्रावण लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं, घड्याळ बघून. मनातल्या मनात साठ मोजले तर पंचविसावरच संपतात.

तिसरं, उजेड. पिवळ्या, मिणमिणत्या बल्बखाली पांढरं ओळखू येत नाही.

चौथं आणि मोठं: काय पांढरं आहे ते नाही, कुठे पांढरं आहे ते बघायचं. गर्भाशयमुखावर दोन प्रकारच्या पेशी जिथे मिळतात त्या रेषेला चिकटलेला, दाट, कडा स्पष्ट असलेला पांढरा भाग पॉझिटिव्ह. रेषेपासून लांब, फिकट, तुटक तुटक पांढरं दिसलं तर ते निगेटिव्ह. द्रावण लावायच्या आधीही एकदा नीट पाहा. फुलकोबीसारखी वाढ, जखम किंवा हात लागताच रक्त येत असेल तर ॲसिड लावत बसू नका, थेट पाठवा.

पाळी चालू असताना आणि गरोदरपणात ही तपासणी करू नका. बाळंतपणानंतर बारा आठवडे जाऊ द्या. पाळी गेलेल्या बाईत ती रेषा आत सरकते आणि दिसत नाही. रेषा दिसली नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहू नका, ‘रेषा दिसली नाही’ असंच लिहा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.

प्रत्येक स्पेक्युलम वापरून झाल्यावर दहा मिनिटं ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात, मग धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेवर निर्जंतुक. स्पेक्युलम पाच आणि बायका पंचवीस असतील तर शिबिराला ‘हो’ म्हणण्याआधी हिशोब करा.

शंका असेल तर पॉझिटिव्ह धरायचं का?

सुरुवातीला धरा, आणि फोटो काढायची सोय असेल तर बाईला विचारून, चेहरा न येता, वरिष्ठांना दाखवा. पण कायम तसं करू नका. धाराशिवच्या चाचणीत या तपासणीत शंभरात सुमारे चौदा बायका पॉझिटिव्ह आल्या, आणि त्यातल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. तुमच्याकडे शंभरात तीस येत असतील तर सूज आणि जंतुसंसर्गही मोजला जातो आहे. शंभरात एकही येत नसेल तर उजेड तपासा.

बायका तयारच होत नाहीत. काय करावं?

मीटिंगमध्ये याचं उत्तर ‘जनजागृती करा’ असं येतं. आमचा अनुभव वेगळा आहे. बायका नाही म्हणतात त्यामागे अज्ञान कमी आणि अडचण जास्त असते.

खुरपणीच्या दिवसांत तपासणी ठेवली तर कोण येणार? रोज बुडतो. बीड, धाराशिव, नगरच्या भागातली ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. त्यांच्या वस्तीत जानेवारीत लावलेलं शिबिर म्हणजे रिकाम्या घरांना दिलेली भेट. मे महिन्यात ठेवा.

मग आडोसा. खिडकीला पडदा नाही, दाराला कडी नाही, बाहेरच्या बाकावर दीर बसलेला. अशा खोलीत तुम्ही तरी झोपाल का? उपकेंद्रात आधी एक पडदा लावा. आणि लघवीला जाऊन यायला सांगता, तर शौचालयाला पाणी आहे का ते आधी बघा.

मग सासू. सुनेला एकटीला बोलावलं की घरात प्रश्न उठतो. सासूलाच आधी तपासा, तोंड आणि स्तन. ती बाहेर जाऊन सांगते, “काही नाही गं, दुखत नाही.” तुमच्या पोस्टरपेक्षा हे वाक्य लांब पोचतं. आशाताईंनी स्वतःची तपासणी आधी करून घेतली असेल तर आणखी चांगलं. “माझी झाली आहे” असं म्हणणारी आशाताई आणि “तुम्ही करून घ्या” म्हणणारी आशाताई यांत गाव फरक ओळखतं.

आणि ‘कॅन्सर’ या शब्दाने सुरुवात करू नका. लपवायचंही नाही. पण “अंगावरून पांढरं जातं का, पाळी गेल्यावर परत लाल दिसलं का, संबंधानंतर रक्त जातं का” इथून बोलणं सुरू झालं की बाई स्वतःच तिथवर येते.

बाईची पिशवी काढलेली आहे. तिला तपासायचं का?

मराठवाड्यात हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, ते तुम्हाला आठवत असेल.

पिशवी मुखासकट काढली असेल आणि कारण कर्करोगाचं नसेल, तर व्हीआयए लागत नाही. पण कधीकधी वरचा भाग काढून मुख ठेवलेलं असतं आणि बाईला ते कोणी सांगितलेलं नसतं. डिस्चार्ज कार्ड मागा. नसेल तर तपासूनच कळेल. स्तन आणि तोंडाची तपासणी तिचीही करायचीच. रक्त जात असेल तर पाठवा.

आणि जिची पिशवी अजून आहे तिला सांगा: पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते. “ठेवली तर कॅन्सर होईल” असं सांगून कोणी घाबरवलं असेल, तर तिला आधी तुमच्याकडे तपासणीला यायला सांगा.

मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) नसताना हाताने स्तन तपासून काय मिळतं?

मुंबईच्या चाचणीचं उत्तर वर आलंच आहे. हाताने तपासताना मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नाही, उभ्या पट्ट्यांमध्ये आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत जायचं. काख आणि गळ्याच्या हाडावरची जागा सोडायची नाही. पाळी येऊन गेल्यावर आठवड्याने तपासणं सोपं जातं. स्तनाग्र आत ओढलेलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, एकाच बाजूने रक्ताळ स्राव, हे नुसत्या नजरेलाही दिसतं.

“दुखत नाही म्हणून दाखवलं नाही” हे वाक्य तुम्ही शेकडो वेळा ऐकाल. न दुखणारी कडक गाठ जास्त काळजीची, हे बाईला आणि तिच्या नवऱ्यालाही सांगा.

गाठ घेऊन ती तालुक्याला गेली की एखादे सर्जन म्हणतात, चला काढून टाकू. आधी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईची बायोप्सी व्हायला हवी. निदानाआधी गाठ उकरून काढली की पुढचे उपचार अवघड होतात. रेफर चिठ्ठीवर ‘सुईच्या बायोप्सीसाठी’ असं स्पष्ट लिहा.

पॉझिटिव्ह आल्यावर आमचं काम संपतं ना?

तिथून सुरू होतं. या पानावरची बाकी सगळी उत्तरं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

एका शिबिरात आम्ही दिवसभर तपासण्या केल्या, अकरा बायका पॉझिटिव्ह निघाल्या आणि अकरा चिठ्ठ्या दिल्या. महिन्याने फोन केले तर दोघीच रुग्णालयात पोचल्या होत्या. एक बाई लेकराला काखेत घेऊन साठ किलोमीटर एसटीने गेली, तर त्या दिवशी तो विभागच बंद. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, मंगळवारी या. ती परत गेलीच नाही. चूक तिची नव्हती. कोणत्या वारी कोणता विभाग चालतो हे चिठ्ठी देण्याआधी आम्ही विचारायला हवं होतं.

त्यानंतर आम्ही प्रशिक्षणात अर्धा दिवस याच कामाला दिला. जिथे पाठवणार तिथल्या माणसाचं नाव आणि फोन नंबर तुमच्याकडे हवा. कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत केसपेपर निघतो, बायोप्सीचा रिपोर्ट किती दिवसांनी आणि कोण देतं, हे सगळं भिंतीवर लिहून ठेवा. पहिल्या भेटीला आशाताई किंवा घरातलं कोणी सोबत जाईल हे बघा. दोन आठवड्यांनी फोन. उचलला नाही तर घरी जायचं.

व्हीआयए पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बऱ्याच जणींवर कर्करोग होण्याआधीच, त्याच भेटीत, थर्मल ॲब्लेशन (उष्णतेने डाग जाळणं) किंवा क्रायोथेरपीने (डाग गोठवून) उपचार होऊ शकतो. भूल लागत नाही, काही मिनिटांचं काम. डाग गर्भाशयमुखाच्या तीन चतुर्थांशाहून मोठा नसावा, आत नळीत गेलेला नसावा आणि कर्करोगाचा संशय नसावा, एवढं प्रशिक्षित डॉक्टर पाहतात. तुमच्या तालुक्यात हे यंत्र कुठे आहे ते शोधून ठेवा. कुठेतरी खोक्यात बंद पडलेलं असण्याचीही शक्यता आहे.

बाईला सांगताना “पॉझिटिव्ह आलंय” एवढंच म्हणून थांबू नका. “कॅन्सर आहे असं नाही. पण एक डाग दिसतोय, तो आताच बघितला तर पुढचं टळतं.” हे वाक्य वर्गात एकमेकींना म्हणून दाखवा. तोंडात बसलं की बाईपुढे जीभ अडखळत नाही.

पैशांचं विचारतात तेव्हा काय सांगायचं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन बसतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटायचं. दोन्ही कार्डांवर नाव वेगळं असेल, माहेरचं एकावर आणि सासरचं दुसऱ्यावर, तर ते आधी दुरुस्त करायला लावा. योजना जाण्या-येण्याचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे भरून देत नाही. कुटुंबाचं कंबरडं बरेचदा तिथेच मोडतं.

पुरुष सीएचओंनी काय करावं?

तोंडाची तपासणी मनापासून करा, विशेषतः पुरुषांची. ते कोणाकडेच जात नाहीत. स्तन आणि व्हीआयएसाठी आरोग्यसेविकेचा दिवस ठरवा. रेफर झालेल्या बायकांच्या नवऱ्यांशी बोलणं हे तुमच्याइतकं कोणाला जमणार नाही. आणि तुम्ही स्वतः खर्रा खात असाल तर पहिलं तोंड स्वतःचं तपासून घ्या.

एचपीव्हीची लस आणि चाचणी आली, मग व्हीआयए शिकायचं कशाला?

जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला देते, आणि धाराशिवचे आकडे पाहता ते पटतं. नमुना बाईला स्वतःही घेता येतो, त्यामुळे लाजेचा प्रश्न बराच सुटतो. पण खर्च आणि प्रयोगशाळा यांची सोय सगळीकडे झालेली नाही. आणि ती चाचणी पॉझिटिव्ह आली तरी पुढे उपचाराआधी कोणीतरी गर्भाशयमुख बघावंच लागतं. तुमचा डोळा वाया जाणार नाही.

लसीचं सांगायचं तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. ९ ते १४ वयात दिली तर सर्वांत उपयोगी. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागते, हे आईला त्याच वेळी सांगा.

उपचार संपवून घरी आलेल्या पेशंटचं आमच्याकडे काय काम?

बरंच. केमोनंतर साधारण एक-दोन आठवड्यांत ताप आला, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, तर ती तातडीची बाब आहे. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. क्रोसिन देऊन घरी पाठवू नका, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईचा त्या बाजूचा हात सुजतो का बघा. लाल आणि गरम झाला तर थांबायचं नाही. तोंडाला रेडिएशन घेतलेल्याकडून जबड्याचे व्यायाम रोज करून घ्या, नाहीतर तोंड उघडणं बंद होतं.

ज्यांचा आजार बरा होणार नाही त्यांच्यासाठी वेदना हा मुख्य विषय. मॉर्फिनच्या गोळ्यांविषयीची भीती पेशंटपेक्षा आपल्या लोकांतच जास्त आहे. अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने ही गोळी मिळवणं सोपं झालं. वेळेवर, घड्याळ लावून द्यायची, आणि सोबत पोट साफ राहण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून ड्रेसिंगमध्ये वापरायचं डॉक्टरांना विचारून शिकून घ्या. वास गेला की नातेवाईक पुन्हा खाटेजवळ बसू लागतात.

वरून टार्गेट येतं. पोर्टलवर आकडा भरायचा की काम करायचं?

दोन्ही करावं लागतं, हे नाकारून उपयोग नाही. पण पाहिलं नाही तर ‘पाहिलं’ लिहू नका. निगेटिव्ह म्हणून नोंदलेली बाई पुढची पाच वर्षं कोणाच्याच यादीत येत नाही.

पोर्टलशिवाय एक साधी दोनशे पानी वही ठेवा. नाव, वस्ती, फोन, काय दिसलं, कुठे पाठवलं, कोणत्या तारखेला पोचली, बायोप्सीत काय आलं, उपचार सुरू झाले का. शेवटचे तीन रकाने लाल पेनाने आखा. दर महिन्याच्या मीटिंगला जाताना वही सोबत न्या, आणि ज्या ओळींत लाल रकाने रिकामे आहेत त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर वाचून दाखवा.